दुधी काचेवरचे कोपरे

छायाचित्राचे कौतुक करताना आपण भिंगाचे नाव घेतो, कॅमेऱ्याचे घेतो, क्वचित फिल्मचेही घेतो. छायाचित्रकार प्रत्यक्ष ज्या काचेवर पाहून निर्णय करतो, तिचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. इंग्रजीत तिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. आपल्याकडील स्टुडिओवाले तिला ग्राउंड ग्लास म्हणत आले. मी दुधी काच म्हणतो. १२० नंबरची फिल्म घेणाऱ्या चौरस चित्राच्या कॅमेऱ्यात ही काच जेमतेम साडेपाच सेंटिमीटर लांबी-रुंदीची असते. एवढ्याशा जागेवर अख्खे माजघर उतरवायचे, आणि त्यातले काय स्पष्ट आहे व काय नाही हे ठरवायचे, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला हंगाम जेम्स बर्जेस यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी ते मे १८७४ या काळात पार पडला, तो बेळगाव व कलादगी या जिल्ह्यांतच. त्याच्या अहवालात आराखड्यांबरोबर छायाचित्रेही आहेत. त्या काळी छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवर उलटे चित्र पाहत असे. फोकस जमला की ती काच बाजूला करून तिच्याच जागी रासायनिक लेप दिलेली काच बसवीत असे. पाहण्याची जागा आणि चित्र उमटण्याची जागा एकच असल्यामुळे जे पाहिले तेच उमटणार, याची हमी त्या रचनेतच होती.

पुढे आरशाचे कॅमेरे आले. हॅसलब्लाडचे ५००सी हे मॉडेल १९५७ सालचे. त्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर वळून काचेवर पडतो, आणि बटण दाबताच आरसा उचलला जाऊन तोच प्रकाश मागच्या फिल्मवर जातो. सोय मोठी झाली. मात्र पाहण्याची जागा एक आणि उमटण्याची दुसरी झाली. दोन्हींचे भिंगापासूनचे अंतर तंतोतंत सारखे हवे. त्या मॉडेलमधील काच कारागिराकडूनच बदलून घ्यावी लागे. १९७० साली आलेल्या ५००सी/एम या मॉडेलमध्ये ती मालकाला स्वतः बदलता येऊ लागली, आणि कोणती काच घ्यावी हा प्रश्न मालकाच्या पदरात पडला.

वाइड अँगल भिंगाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड का होतो, ते थोड्या हिशेबाने कळते. १५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने तीन मीटरवरची वस्तू सोडून चार मीटरवरची वस्तू स्पष्ट करायची असेल, तर भिंग सुमारे दोन मिलिमीटर सरकवावे लागते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला त्याच कामासाठी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा पुरतो. म्हणजे काच एवढ्याशाने वरखाली बसली असेल, तर काचेवर चूल स्पष्ट दिसेल आणि फिल्मवर मागची भिंत. भरीला रुंद दृश्यातील प्रत्येक वस्तू काचेवर लहान होऊन येते. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा दिसत असताना तो धारदार आहे की किंचित मऊ, हे डोळ्याने कसे सांगावे?

दुसरी अडचण कोपऱ्यांची. मध्यभागी प्रकाश जवळजवळ सरळ येतो. कोपऱ्यांकडे तो तिरका पोहोचतो आणि काच ओलांडून डोळ्याच्या बाहेरच निघून जातो. म्हणून साध्या दुधी काचेवर मध्य उजळ आणि कोपरे काळवंडलेले दिसतात. त्यावर उपाय म्हणून काचेखाली फ्रेनेल भिंग बसवतात. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात दीपगृहांसाठी सिद्ध केलेल्या भिंगाचीच ही पातळ आवृत्ती. वेंगुर्ल्याला समुद्रावर दीपगृहाचा झोत पाहिलेल्यांनी असे समजावे की, तिथे जे तत्त्व दिव्याचा प्रकाश एका दिशेला गोळा करून दूर धाडते, तेच इथे कोपऱ्यांतला भटका प्रकाश वळवून डोळ्याकडे आणते.

या सगळ्यांतून सुटण्याचा एक मार्ग हॅसलब्लाडनेच १९५४ साली दाखवला होता. लुडविग बेर्टेले यांच्या ३८ मिलिमीटरच्या बायोगॉन भिंगाभोवती त्यांनी एक वेगळाच कॅमेरा रचला. त्यात आरसाही नाही आणि वरची काचही नाही. चौकट वेगळ्या दर्शकातून पाहायची आणि अंतर भिंगावरच्या आकड्यांवरून लावायचे. रुंद भिंगाला डोळ्यापेक्षा मोजपट्टी अधिक भरवशाची, हे त्या कॅमेऱ्यामागचे सूत्र मला फार मोलाचे वाटते.

निवृत्तीनंतर मी एक वापरलेला ५००सी/एम घेतला, सोबत ८० आणि ५० मिलिमीटरची दोन भिंगे. छंदाला घाई नव्हती. निपाणी भागातील आमच्या मूळ घराने ती आणली. घाटाखालून येऊन इथे स्थिरावलेल्या पिढीने बांधलेला तो वाडा. चौक, सोपा, माजघर, मागे तंबाखूची वखार. वाटण्या झाल्या, तुळयांना वाळवी लागली होती, आणि चुलतभावांनी एकमताने वाडा उतरवण्याचे ठरवले. त्यात कोणाचा दोष नव्हता. पाडण्यापूर्वी घराची नीट छायाचित्रे व्हावीत एवढे माझ्याकडे सोपवले गेले. माजघरात मागे सरकायला जागा नाही. तीन मीटरवरून ८० मिलिमीटरचे भिंग दोन मीटरांच्या आसपास भिंत घेते, ५० मिलिमीटरचे सव्वातीन मीटरांहून अधिक. भिंगाचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला. काचेचा उरला.

माझ्यापुढे तीन काचा होत्या. पहिली कॅमेऱ्यासोबत आलेली जुनी, भरड पोताची. दुसरीच्या मध्यभागी दुभंग प्रतिमेचे वर्तुळ होते. फोकस नसेल तर खांब तिथे मोडल्यासारखा दिसतो आणि फोकस जमला की सांधतो. तिसरी मिनोल्टाने विकसित केलेल्या व पुढे हॅसलब्लाडने स्वीकारलेल्या अक्यूट-मॅट जातीची, अतिशय उजळ आणि उभ्या-आडव्या रेषांची जाळी आखलेली. तिघींची परीक्षा मी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत, कॅमेऱ्यात फिल्म न घालता केली. रट्ट राजवटीतील अधिकारी बिचिराज याने १२०४ साली बांधवलेले हे जैन मंदिर. त्याच्या मंडपाच्या छतातून खाली झुकलेले पाषाणाचे कमळ अंधूक प्रकाशात असते, त्यामुळे काचेच्या परीक्षेला याहून चांगली जागा नाही. कॅमेऱ्याचे भिंग वर वळवले की दर्शकाचे तोंड आपल्याकडे येते आणि मागे बसून छत निवांत पाहता येते.

जुन्या काचेवर कमळाचा मध्य चांगला समजला, पण मंडपाचे कोपरे अंधारात बुडाले. दुभंग वर्तुळाने पाकळीची कड झटकन सांधून दाखवली. मनुष्याच्या डोळ्याला मऊपणापेक्षा तुटलेली रेघ लवकर कळते, हा त्या काचेचा मोठा गुण. पण ते वर्तुळ फक्त मध्यात काम करते, आणि डोळा जरा हलला की त्याचा अर्धा भाग काळा पडतो. छिद्र लहान असलेल्या, म्हणजे एफ/५.६च्या पुढच्या, भिंगांना तर ते बहुधा निरुपयोगीच. उजळ काचेवर कोपऱ्यांतले खांबही दिसले आणि जाळीमुळे ते सरळ आहेत की कलले आहेत हेही कळले.

इथेच सावध राहावे लागते. काच जितकी उजळ, तितका ती प्रकाश कमी विखुरते. आणि प्रकाश कमी विखुरला की अस्पष्ट भागही प्रत्यक्षापेक्षा स्पष्ट भासतो. सगळेच प्रसन्न दिसते, पण नेमके काय फोकसमध्ये आहे हे सांगायला काच कचरते. एफ/२ किंवा एफ/२.८च्या भिंगाला हा दोष अधिक जाणवतो. माझे ५० मिलिमीटरचे भिंग एफ/४चे, त्यामुळे नुकसान थोडे. म्हणून मी जाळीची उजळ काच निवडली, पण एका अटीवर: ती चौकटीसाठी आणि कोपऱ्यांसाठी, फोकसचा शेवटचा शब्द तिचा नव्हे. उजेड आणि नेमकेपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवले की उजळ काच उत्तम सेवक ठरते.

माझी नोकरी मोजणी खात्यात गेली, तिचा उपयोग इथे झाला. थिऑडोलाइटमध्ये पाहताना पहिला धडा असा की, आधी डोळ्याजवळचे भिंग फिरवून आतल्या तारा स्पष्ट करायच्या, मग दूरचा दगड. उलट क्रमाने केले तर डोळा हलला की दगड हलतो. दर्शकातील भिंगाचेही तसेच: आधी जाळीच्या रेषा धारदार दिसल्या पाहिजेत, मग दृश्य. काच योग्य पातळीवर बसली आहे की नाही, हे मी येळ्ळूरच्या राजहंसगडावरून तपासले. भिंग अनंताच्या खुणेवर टेकलेले असताना दूरच्या बुरुजाची कड सर्वांत धारदार दिसायला हवी. ती त्याआधीच धारदार होऊन पुढे मऊ पडू लागली, तर काच जागेवर नाही असे समजावे. माझी काच जागेवर होती. तरीही तिरकी मोजपट्टी मांडून एक रोल त्यासाठी खर्च केला आणि फिल्मची साक्ष काचेच्या साक्षीशी जुळवून घेतली.

वाड्यात त्या दिवशी थोरल्या काकू माजघरात बसून होत्या. वय ऐंशीच्या पुढे. मला घरात आप्पा म्हणतात.

"आप्पा, माझी चूल येती का रे तुझ्या फोटोत?" त्यांनी विचारले.

मी त्यांना दर्शकात पाहायला सांगितले. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "देव उजवीकडचे डावीकडं कसे गेले?"

"आरशामुळं, काकू. काचेवर उलट दिसतं."

"मग फोटोत तरी जागच्या जागी राहतील नव्हं?"

"राहतील."

"आणि चूल? हितं तर अंधारच दिसतोय."

"डोळा जरा कोपऱ्याकडं न्या तुम्ही."

त्यांनी मान किंचित कलवली. कोपऱ्यातून तिरका जाणारा प्रकाश डोळ्यात आला आणि चुलीचे तोंड काचेवर उजळले. "ही बघ, हाय की," एवढेच म्हणून त्या बाजूला झाल्या. देव्हारा, कोरीव खांब, तुळईवरची नक्षी यांकडे त्यांनी पाहिलेही नाही. मी मध्यबिंदू म्हणून देव्हारा योजला होता. त्यांच्या हिशेबी घराचा मध्य चुलीजवळ होता, आणि चूल चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात होती.

कोपऱ्यातील वस्तूवर फोकस करण्याची सोपी वाटणारी युक्ती म्हणजे कॅमेरा वळवून ती वस्तू मध्यात आणायची, फोकस करायचा आणि कॅमेरा पुन्हा पूर्ववत फिरवायचा. रुंद भिंगाला ती चालत नाही. भिंग ज्या अंतरावर स्पष्ट पाहते ते एक सपाट प्रतल असते, फिल्मला समांतर. कॅमेऱ्यापासून चूल तिरक्या रेषेत तीन मीटर होती आणि कोन सुमारे तीस अंशांचा. तेव्हा समोरचे लंब अंतर निघते २.६ मीटर. मोजणीत साखळीपासून बांधाचा जसा लंब काढतो, तसाच हा लंब. टेप लावताना आरंभ भिंगाच्या काचेपासून न करता फिल्मच्या पातळीपासून करावा लागतो, कारण भिंगावरचे आकडे तिथूनच मोजलेले असतात. भिंग २.६ मीटरवर लावले, छिद्र एफ/१६वर आणले. त्या स्थितीत सुमारे १.३ मीटरपासून पुढचे सर्व स्वीकारार्ह स्पष्टतेत येते, म्हणून देव्हाराही सांभाळला गेला. पण सर्वाधिक धार मी चुलीला दिली. शटर आठ सेकंद उघडे राहिले. तेवढा वेळ काकूंनी श्वास रोखून धरला होता, जणू त्या स्वतःच चौकटीत होत्या.

बारा चित्रांच्या त्या रोलपैकी नऊ चांगली आली. वाडा पुढच्या उन्हाळ्यात उतरवला गेला. आता तिथे दोन भावांची दोन पक्की घरे आहेत. माजघराचे मोठे छायाचित्र एका घरात लागले आहे. येणारी नातवंडे त्यात आधी देव्हारा पाहतात, मग हळूहळू कडांकडे सरकतात. चुलीच्या वर भिंतीवर धुराचा जो पंखा उमटला होता, त्याचा थर न् थर मोजता येतो. काकूंनी त्यावर बोट ठेवून कोणता थर कोणाच्या लग्नातला, हे सांगायला सुरुवात केली होती. अर्धे खरे, अर्धे मनाचे. तरी ऐकणारे ऐकत होते.

आपल्यातील बहुतेक जुन्या घरांत एखादा समूह-फोटो असतो. मधली पुढारी मंडळी ठसठशीत आणि टोकाची माणसे धूसर. ती कोण, हे आता सांगणारे कोणी उरलेले नसते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कडेचे मोल निराळे समजावण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे, किंवा जे असा कॅमेरा असलेल्याला घरी बोलावणार आहेत, त्यांना माझे सांगणे एवढेच: रुंद भिंगासाठी जाळीची काच घ्यावी, ती जागेवर बसली आहे याची खात्री करावी, आणि टेप खिशात ठेवावी. आणि कॅमेरा मांडण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला एकदा त्या काचेत पाहायला सांगावे. कोणत्या कोपऱ्यावर फोकस करायचा, हे तिलाच ठाऊक असते.