लाल रेषा आमच्या घरावर ओढा

पूररेषा आपल्या प्लॉटवरून हटावी म्हणून लोक कार्यालयांचे उंबरे झिजवतात. आम्ही उलटाच अर्ज घेऊन गेलो होतो : लाल रेषा आमच्या इमारतीपर्यंत आणा. साहेबांनी तो दोनदा वाचला. "तुम्ही तर रेषेबाहेर आहात. मग तक्रार कसली?"

तक्रार हीच, की २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे रेषेबाहेरच्या माझ्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. चार-एक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली.

पुढे सोसायटीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला. बिल्डरच्या आराखड्यात तळघरात पार्किंग होतं. नियमाला धरूनच, कारण नकाशात आम्ही कोरडे!

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. पाणलोटातला पाऊस, विसर्ग आणि नदीचे आडवे छेद यांवरून ती पातळी काढतात. ते गणित चुकीचं आहे असं मला आजही वाटत नाही. पण पात्र मोकळं धरून काढलेल्या रेषेत पुलाखाली तुंबलेला गाळ येत नाही, पात्रावर टाकलेले स्लॅब येत नाहीत, गटारातून उलटं घरात चढणारं पाणी तर नाहीच नाही. अंबाझरीच्या सांडव्याजवळच्या विवेकानंद स्मारकावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालली, तीही पाण्याच्या वाटेत काय उभं आहे यावरच.

साहेब म्हणाले, पुरावा आणा. इथे पंचाईत झाली. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या. पुराची खूण आम्हीच पैसे देऊन पुसलेली. शेवटी लोखंडी कपाट सरकवलं, तेव्हा मागे चिखलाची सरळ रेघ सापडली. दुसरी मीटरच्या फळीमागे निघाली. कुंपणाच्या भिंतीवर तर त्यांहून चांगली हातभर उंच खूण होती. मी खूश झालो, पण मोजणीसाठी बोलावलेल्या सर्व्हेअरने नकारार्थी मान हलवली. "ही प्रवाहाच्या तोंडावरची भिंत आहे. पाणी आपटून वर उसळलं. हिला धरलं तर तुमचा अर्ज पहिल्याच सुनावणीत उडेल." त्याने फक्त आतल्या, संथ पाण्याच्या खुणा घेतल्या आणि पट्टी धरून बेंचमार्कपासून पातळ्या मोजल्या. आतल्या दोन्ही खुणा जवळपास जुळल्या. नकाशातल्या लाल रेषेहून वर.

खरा विरोध कार्यालयातून झालाच नाही, तो जिन्यात झाला. दुसऱ्या मजल्यावरचे काका थेट म्हणाले, "काहून आपल्याच घराचा भाव पाडून राह्यले भाऊ?" त्यांचंही खोटं नव्हतं. लाल रेषेत आलं की जोतं उचला, खर्च वाढवा, आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागे. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढलं नव्हतं, हे मात्र मी त्यांना ऐकवलं. तेव्हापासून आमचं बोलणं जरा बेताचंच आहे.

अर्ज अजून फाइलीत आहे. पण पातळ्यांचा तक्ता पाहून बिल्डरने स्वतःच तळघर काढून टाकलं. इमारत आता खांबांवर, मीटर-रूम पहिल्या मजल्यावर. त्यापायी तीन गाड्यांची जागा गेली. त्या कुणाच्या, यावर येत्या रविवारी सोसायटीची बैठक आहे, आणि काका यादी घेऊन येणार आहेत.