दिशेची कळ

अवकाशाची प्रतिकृती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी धूमकेतूची शेपटी रचताना आम्ही सारे वापरणाऱ्याच्या हाती सोपवले होते. कण किती जन्मावेत, किती वेगाने सुटावेत, किती काळ जगावेत. आणि कोणत्या दिशेला जावेत, हेही. 'स्टार ट्रेक'च्या १९८२च्या चित्रपटासाठी विल्यम रीव्ह्ज यांनी आगीची भिंत याच कणपद्धतीने उभी केली होती. पण ती आग कल्पनेतली होती.

रहिमतपूरला वडिलांना आमचे काम दाखवले. त्यांनी दिशेची कळ फिरवून शेपटी धूमकेतूच्या मागे लावली. कोळशाच्या इंजिनाचा धूर त्यांनी लहानपणी पाहिलेला. धावणाऱ्याच्या मागेच धूर राहायचा. पडद्याने ते निमूट मान्य केले, आणि मुलाने केलेले म्हणून वडिलांनीही.

ऑक्टोबर २०२४मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आम्ही दोघांनी गच्चीवरून चार संध्याकाळी पाहिला. पश्चिमेला तो रोज थोडा वर चढे, शेपटीही वरच.

"पुढं कशी रे?" वडिलांनी विचारले.

सूर्यप्रकाशाचा दाब धुळीला सूर्यापासून दूर लोटतो. म्हणून सूर्याकडून परतताना शेपटी पुढे असते. हे सांगताना आम्ही ओशाळलो.

त्या रात्री दिशेची कळ काढून टाकली. कणांचा आकार बदलण्याची मुभा ठेवली. बारीक धूळ अधिक लोटली जाते. दिशा आता सूर्यच ठरवतो.

पुढच्या खेपेस वडिलांनी ती कळ शोधली. मग काही न बोलता शेपटी पाहत बसले.