जन्मस्थान : नाशिक

नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये आहे’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. १९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि तोवर लंडनहून छापून येणारी आपली पोस्टाची तिकिटं नाशिकला छापली जाऊ लागली. मग स्टॅम्पपेपर आले, पासपोर्ट आले. भारतातल्या कुणाच्याही कपाटातला पासपोर्ट उघडा, ती पुस्तिका आमच्या नाशिकरोडची आहे. माझी सगळी नोकरी त्या आवारात झाली. त्यातली बरीच वर्षं आकड्यांशी गाठ होती : कुठला नंबर छापला, कुठला ताव बाद झाला, किती आले, किती गेले. हिशेब जुळल्याशिवाय काम संपलं असं म्हणता येत नसे.

प्रेसमधून पुस्तिका बाहेर पडते तेव्हा ती कोरी असते. नाव, जन्मतारीख, जन्मस्थान या नोंदी पुढे पासपोर्ट कार्यालयात होतात. माझ्या लेकीच्या पासपोर्टात जन्मस्थानापुढे ‘नाशिक’ आहे. तिच्या संसाराची बरीचशी गणितं गेलं दशकभर या एका नोंदीवर अडून आहेत.

‘लेबर’ ही भानगड आमच्याकडे पहिल्यांदा भाच्याच्या फोनवरून आली. २००३ चा सिंहस्थ चालू होता, इकडे गोदाकाठी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तिकडे न्यू जर्सीहून तो सांगत होता, “मामा, कंपनीनं माझं लेबर फाइल केलं.” नोकरीच्या जोरावर ग्रीन कार्ड हवं असेल तर बहुतेकांच्या बाबतीत आधी कंपनीला अमेरिकेच्या कामगार खात्याचा दाखला घ्यावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. या जागेसाठी लायक आणि तयार असा तिथला माणूस मिळाला नाही, आणि या परदेशी माणसाला ठेवल्यानं तिथल्या कामगारांच्या पगाराला व कामाच्या अटींना धक्का लागणार नाही, असा तो दाखला. त्या काळात असे साडेतीन लाखांच्या आसपास अर्ज तुंबले होते. ते निकाली काढायला डॅलस आणि फिलाडेल्फिया इथे खास केंद्रं उघडली गेली. नवीन अर्जांसाठी २८ मार्च २००५ पासून ‘पर्म’ ही पद्धत सुरू झाली. तीच आजही आहे.

भाचा सुटला तो २००७ मध्ये. त्या वर्षीच्या जुलैच्या व्हिसा बुलेटिननं, म्हणजे ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या मासिक पत्रकानं, नोकरीच्या जवळजवळ सगळ्या रांगा एकदम खुल्या केल्या. लोकांनी घाईघाईनं वैद्यकीय तपासण्या केल्या, कागद जमवले, आणि २ जुलैला जाहीर झालं की आता अर्ज घेणार नाही. तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यातल्या गांधीगिरीच्या वाटेनं तिथल्या भारतीय नोकरदारांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलं पाठवली. शेकडो गुच्छ पोचले. संचालकांनी ती फुलं वॉल्टर रीड इस्पितळातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. द्वारसभा, काळ्या फिती, धरणं हे सगळं मी युनियनमध्ये पाहिलेलं आहे. मताचा अधिकार नसलेल्या माणसांनी परक्या देशात अशा रीतीनं सरकारला निर्णय बदलायला लावला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

लेकीचं लेबर २०१४ च्या नोव्हेंबरात फाइल झालं. त्याच्या आधीचे महिने मी तिच्याकडून बारकाईनं समजून घेतले. कंपनी प्रथम खात्याला विचारते की या गावात या कामाचा चालू पगार किती, आणि त्याहून कमी देणार नाही असं बांधून घेते. मग जागेची जाहिरात रविवारच्या वर्तमानपत्रात दोनदा द्यायची. राज्याच्या रोजगार खात्याकडे ती जागा तीस दिवस लावायची. ऑफिसातही सलग दहा कामाचे दिवस नोटीस लावायची, म्हणजे तिथल्या सहकाऱ्यांना हरकत घेता येते. आलेले अर्ज प्रामाणिकपणे तपासायचे. एखादा लायक अमेरिकी उमेदवार निघाला तर सगळं तिथेच थांबतं. आणि हा सारा खर्च कंपनीचा, वकिलाच्या फीसकट. तो माणसाच्या माथी मारायला कायद्यानं मनाई आहे.

आमच्या कट्ट्यावर काही जणांना हे अपमानाचं वाटतं. मुलगी तिथे नोकरी करतेच आहे, मग तिच्याच जागेची जाहिरात कशाला? मला तसं कधीच वाटलं नाही. जन्मभर कामगार म्हणून राहिलो. बाहेरून स्वस्तात माणूस आणून आतल्याचा पगार पाडायचा, ही मालकांची जुनी चाल आहे, आणि तिला आळा घालणारा कायदा कुठल्याही देशात असायलाच हवा. लेकीनं ती परीक्षा दिली आणि ती पास झाली. माझी तक्रार त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे.

अर्जाला त्या वेळी जो नंबर मिळायचा तो तिनं फोनवर सांगितला आणि माझ्यातला नंबरिंगवाला जागा झाला. अक्षरानंतरचे पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे तीन त्या वर्षातल्या कितव्या दिवशी अर्ज आला त्याचे. नंबरातच तारीख! कामगार खातं सध्या कुठल्या महिन्यातले अर्ज तपासतंय हे जाहीर करतं. त्यावरून आपला नंबर किती दूर आहे हे नाशिकरोडला बसूनही कळतं. २०१५ च्या सिंहस्थाची पहिली पर्वणी जवळ आली असताना लेबर मंजूर झालं. तो दाखला १८० दिवसच चालतो, त्याच्या आत कंपनीला इमिग्रेशन खात्याकडे ‘आय-वन-फोर्टी’ हा पुढचा अर्ज टाकावा लागतो. तेही झालं. हिनं पुरणपोळ्या केल्या.

आणि मग काहीच झालं नाही.

लेबर ज्या दिवशी दाखल झालं तो दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. रांगेतली जागा तिच्यावर ठरते. १९९० च्या कायद्यानं नोकरीच्या वाटेनं वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं ठेवली. नवरा, बायको, मुलं सगळी त्याच आकड्यात मोजली जातात. आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, दुसऱ्यांचं काही उरलं तरच अधिक. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. नागरिकत्व कुठलं, शिक्षण किती, कर किती वर्षं भरला, हे इथे विचारत नाहीत. जन्म कुठे झाला एवढंच पाहतात. आमच्या ओळखीतल्या एकाचा जन्म कुवेतचा, वडील तेव्हा तिथे नोकरीला होते. मुलगा वाढला, शिकला नाशिकला, पासपोर्ट भारतीय. लेकीच्या नंतर त्याचं लेबर गेलं आणि तिच्या कितीतरी आधी त्याच्या हातात कार्ड आलं. त्याच्या बायकोलाही त्याच रांगेत जागा मिळाली, तिचा जन्म सिन्नरचा असूनही. त्या पोराचं चांगलं झालं याचा मला आनंदच आहे. पण कामगाराची कसोटी कामावर घ्यायची आणि उतरल्यावर त्याला आईच्या बाळंतपणाचं गाव विचारायचं, यात मला न्याय दिसत नाही.

तिथल्या संसदेतही हे कुणाला दिसलं नाही असं नाही. ही देशवार मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनं आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसायच्या आत त्या संसदेची मुदत संपली. त्या दिवसांत मी प्रत्येक बातमी वाचून काढत होतो.

दर महिन्याला बुलेटिन येतं. त्यातली रांगेची तारीख कधी पुढे सरकते, कधी तिथेच राहते, आणि कधी मागे जाते. नोकरीच्या ज्या वर्गात लेक आहे त्याची भारतासाठीची तारीख मे २०१२ मध्ये २०१० वरून थेट १५ ऑगस्ट २००७ वर आणली होती. २०२५ च्या उन्हाळ्यात ती १ जानेवारी २०१३ वर उभी होती.

मधल्या काळात लेकीनं कंपनी बदलली. लेबर कंपनीचं असतं, माणसाचं नव्हे. त्यामुळे चालू पगाराच्या चौकशीपासून सगळं पुन्हा. या खेपेला नुसत्या तपासणीलाच सव्वा वर्षाच्या आसपास गेलं. एक दिलासा कायद्यात आहे : पहिलं आय-वन-फोर्टी मंजूर झालेलं असल्यानं २०१४ ची तारीख तिची तिच्याकडे राहिली, आणि त्याच आधारावर तिच्या नोकरीच्या एच-वन व्हिसाला सहा वर्षांपुढेही तीन-तीन वर्षांची वाढ मिळते. या वाढी होत्या म्हणून तिचं घर उभं राहिलं. पण देशाबाहेर पडलं की परतताना बहुधा वकिलातीत व्हिसाचं नवं स्टॅम्पिंग लागतं. २०२० च्या मार्चमध्ये वकिलाती बंद झाल्या, विमानं बंद झाली. त्या वर्षी माझी आई गेली. ज्या आजीनं तिला न्हाऊ-माखू घातलं तिच्या दहाव्याला नात फोनवर होती.

माझ्या आईचा या फाइलशी आणखी एक संबंध आहे, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो. तारीख लागली की शेवटच्या अर्जाला जन्माचा दाखला जोडावा लागतो, आईवडील दोघांची नावं असलेला. लेकीचा जन्म १९८५ चा. महापालिकेच्या नोंदीत नुसतं ‘मुलगी’ आणि पुढे माझं नाव होतं. त्या काळी बारशाच्या आधीच नोंद व्हायची, त्यामुळे असंख्य दाखल्यांत बाळाचं नाव कोरं आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ खाली ते नंतर घालता येतं. त्याला पंधरा वर्षांची मर्यादा आहे, पण जुन्या नोंदींसाठी सरकार वेळोवेळी मुदत वाढवून देत आलं आहे. लेबर मंजूर झालं त्याच पावसाळ्यात मी नाव घालून घेतलं. बाळंतपणाला हजर असलेली वडीलधारी माणसं म्हणून आईचं आणि माझ्या मोठ्या मेहुणीचं प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे करून ठेवलं. दाखल्यात काही उणं निघालं तर अशी प्रतिज्ञापत्रं उपयोगी पडतात. आईनं सही मोडी वळणाची केली. आज तिला कुठून आणणार होतो?

तुमची मुलं परदेशात असतील किंवा जायच्या तयारीत असतील, तर त्यांचा जन्मदाखला आज कपाटातून काढून पाहा. नाव भरलेलं आहे का, आईचं नाव आहे का, स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का? जुळत नसेल तर पालिकेत याच आठवड्यात अर्ज करा. घरात त्या जन्माची साक्ष देणारं कुणी वडीलधारं असेल, तर त्यांचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. लेबर कधी मंजूर होईल, तारीख कधी लागेल हे आपल्या हातात नाही. एवढं मात्र इथे बसून आपल्याला करता येतं, आणि त्याला फार खर्चही येत नाही.