रात्रीची वाटी

आजीची कवळी मी चोवीस वर्षांत कधी तोंडाबाहेर पाहिली नव्हती. ती झोपायचीही कवळी घालूनच. धुवायची ती बाथरूमचं दार लावून.

गेल्या वर्षी तिचं जेवण तुटलं. "तिखट लागतं गं," म्हणायची. वरणभातही तिखट. शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. टाळू लालभडक झालेली, अगदी कवळीच्या आकारात.

बुरशी आहे म्हणून क्लोट्रिमॅझोल मिळालं. बरं वाटलं. महिन्याभरात पुन्हा तेच.

तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी टाळूऐवजी कवळी तपासली. वरून खरवडल्यावर बुळबुळीत थर निघाला. "औषध टाळूला लावताय, पण वस्ती इथे आहे," त्या म्हणाल्या.

हा थर म्हणजे बायोफिल्म. कॅन्डिडा ही बुरशी अ‍ॅक्रिलिकच्या खडबडीत पृष्ठभागावर जम बसवते, धागे सोडते. स्ट्रेप्टोकोकससारखे बॅक्टेरिया त्या धाग्यांना चिकटतात. दोघांच्या चिकट आवरणात औषध नीट पोचत नाही. शिवाय बुरशीचं औषध बॅक्टेरियासाठी नसतं आणि अँटिबायोटिक बुरशीवर चालत नाही. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८०च्या दशकात स्वतःच्या दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. व्हिनेगरने दात धुतल्यावर थराच्या बाहेरचे जीव मेले, आतले जगले, असं त्याने लिहून ठेवलंय.

म्हणून औषधाच्या जोडीला घासणं हवंच. मऊ ब्रश आणि साधा साबण. पेस्ट नको, तिने चरे पडतात आणि चऱ्यांत थर पुन्हा धरतो. आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, म्हणजे टाळूला विश्रांती मिळते.

बाकी सगळं आजीने ऐकलं. रात्रीचं नाही.

"तुझ्या आजोबांनीसुद्धा माझं बोळकं पाहिलं नाही," ती म्हणाली.

मी वाद घातला नाही. आम्ही एकाच खोलीत झोपतो. मी तिच्या उशाशी पाण्याची वाटी ठेवली आणि दिवा मालवला. बऱ्याच वेळाने वाटीत टक् आवाज आला.

आता टाळू गुलाबी आहे. गेल्या आठवड्यात तिने भाकरीबरोबर ठेचा मागून घेतला. परवा अंधारातच ती आजोबांबद्दल बोलत राहिली. शब्दांतून हवा सुटत होती, काही कळत होते, काही नाही. मी दिवा लावला नाही.