भिंतीवरचें चित्र आणि हाताची वही

कागद दुमडला कीं त्यावरील तांदळाचा रंग झडतो. गेलीं तीन वर्षें माझी बहुतेक फुरसत या एवढ्याशा अडचणीनें व्यापली आहे. शहापुरास माझें बिऱ्हाड. नातलगांच्या निमित्तानें मुरबाडकडेही वरचेवर जाणें होतें. वाटेवरील कांहीं वारली पाड्यांवर सारवलेल्या कुडाच्या भिंतींवर पांढरीं चित्रें पाहिलीं, आणि तीं वहींत उतरावीं व ती वहीही आपल्याच हातची असावी, असा छंद मला जडला.

भिंतीवरची रीत अगदीं साधी. तांदूळ भिजवून वाटावयाचे, पाण्यांत कालवावयाचे, बांबूच्या काडीचें टोंक चावून मऊ केलें कीं झाली कुंचली! भिंत कांहीं दुमडत नाहीं, म्हणून तेथें तेवढ्यावर भागतें. वहीचें पान मात्र दिवसांतून दहादां वांकतें. मीं रंगांत बाभळीचा डिंक घालून पाहिला. थोडा घातला तर रंग झडे, अधिक घातला तर वाळल्यावर तडे जात. पुढें कागद बदलून पाहिला, तेव्हां मार्ग सांपडला. गिरणीच्या गुळगुळीत कागदावर रंग वरच्यावर बसतो; चिंध्यांच्या लगद्याचा खरबरीत हातकागद त्यास पोटांत घेतो. असा कागद करणारी संस्था गांधीजींच्या प्रेरणेनें पुण्यास १९४० सालीं निघाली. त्याच्या कितीतरी आधीं, मुरबाडहून नाणेघाट चढून गेल्यावर जो जुन्नरचा मुलूख लागतो, तेथें कागदी लोक हातानें कागद करीत. इतक्या जवळ कागद होत असे, हें आमच्या मुलांस सांगितलें तरी खरें वाटत नाहीं.

शिवणीचें काम मला सर्वांत प्रिय. चार चार कागद मधोमध दुमडून एकांत एक घालावयाचे, दाभणानें भोकें पाडावयाचीं, आणि मेण लावलेल्या दोऱ्यानें त्या जुड्या एकमेकींस शिवावयाच्या. पुठ्ठ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा खळीनें डकवावयाचा. खळींत चिमूटभर मोरचूद असला तर कसर लागत नाहीं. पण तें विष आहे, तेव्हां बालमित्रांनो, तेवढें काम वडील माणसांवर सोंपवा. चित्र शिवणीपासून दोन बोटें दूर काढावें, म्हणजे घडी त्यावर येत नाहीं.

याहून मोठी अडचण एका विद्यार्थ्याच्या आजीनें पुढें ठेविली. लग्नाच्या वेळीं सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. त्याच्या मध्यभागीं पालघट देवी असते. नवी वही पुढें करून मीं आजीस म्हटलें, ‘यांत एक चौक लिहून द्याल का?’ तिनें वही उलटसुलट केली, पानांवरून हात फिरविला आणि हंसून विचारलें, ‘मास्तर, लगीन कोनाचा हाय?’

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तो चौक लग्नापुरता. पुढच्या सारवणांत तो जावयाचाच. वही तर जपून ठेवण्यासाठींच शिवलेली! हीं चित्रें भिंतीवरून कागदावर आलीं तीं १९७० नंतर. भास्कर कुलकर्णी यांनीं डहाणूकडील पाड्यांवर जाऊन लोकांच्या हातीं कागद दिला. तोंपर्यंत मुख्यतः स्त्रियांच्या हातची ही कला जिव्या सोमा म्हसे यांनीं रोजची केली; लग्नाची वाट न पाहतां ते शेत आणि मासळीचें जाळें काढीत राहिले. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. चेन्नईच्या तारा बुक्स या प्रकाशनानें २००९ सालीं ‘डू!’ हें वारली चित्रांचें पुस्तक तपकिरी कागदावर हातानें छापून काढलें. म्हणजे वहींत चित्र येऊं नये, असें मुळींच नाहीं. परंतु चौकाविषयीं आजीचें म्हणणें मला पटतें. बाजारांत चौक छापलेल्या पिशव्या पाहिल्या कीं तिचा प्रश्न आठवतो.

आजीनें वही मात्र परत केली नाहीं. दोन महिन्यांनीं ती नातवाबरोबर आली. पानांवर आवणी होती, कोंबड्या होत्या, तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं फेर होता. एके ठिकाणीं चष्मा लावलेला मास्तरही होता. मधलीं दोन पानें कोरीं होतीं. तीं कशासाठीं, असें विचारतां नातू म्हणाला, ‘ताईचें लग्न वैशाखांत आहे. तेव्हां काय तें पाहूं, असें आजी म्हणते.’