जुने रेल्वे रोखे आणि बार्शी लाइट

रेल्वे कंपन्यांचे जुने शेअर आणि कर्जरोखे जमवताना कागदाआधी लाइनची मालकी पाहावी लागते. सातारा-सांगली भागात तर हे पहिले काम. पुण्याहून सातारा रोड, कराडवरून मिरजेला येणारी तेव्हाची मीटरगेज लाइन सदर्न मराठा रेल्वेची होती. लंडनमध्ये १८८२ साली निघालेल्या या कंपनीच्या भांडवलावरील व्याजाला सरकारची हमी होती. मिरज–कोल्हापूर (१८९१) आणि जेमतेम ५ मैलांची मिरज–सांगली (१९०७) या लाइनी मात्र त्या त्या संस्थानाच्या मालकीच्या होत्या. तिथे भागधारक शोधू नयेत. त्यांचा इतिहास तिकिटांत, वेळापत्रकांत आणि दरबारच्या हिशेबांत सापडतो.

संग्राहकाला खरा आनंद देते ती बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९५ मध्ये लंडनमध्ये ही कंपनी स्थापन केली. रुळांची रुंदी अडीच फूट आणि एका आसावरचा भार पाच टनांपर्यंतच. म्हणून हलके रूळ पुरले आणि खर्च आवाक्यात राहिला. गाडी १८९७ मध्ये बार्शीला, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला पोचली. ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, आरग अशी गावे घेत १९२७ मध्ये ती मिरजेत आली. त्यामुळे या कंपनीच्या कागदावरची तारीख फार मोलाची ठरते. १९०० सालच्या शेअरमागे कुर्डूवाडी–बार्शी एवढाच तुकडा उभा असतो. १९३० सालच्या शेअरमागे दोनशेहून अधिक मैलांची लाइन आणि वारीची सगळी गर्दी. कंपनीचे नाव तेच, पण ठेवा वेगळा.

अमेरिकन रोख्यांवर इंजिनांची देखणी कोरीव चित्रे असतात. इंग्रजी कंपन्यांचे कागद बहुधा साधे असतात: भागधारकाचे हाताने लिहिलेले नाव, अनुक्रमांक, कंपनीची मोहर, संचालकांच्या सह्या. चित्र नाही म्हणून असा कागद बाजूला टाकणे ही मोठी चूक, कारण पैसा कुठून आला हे त्या नावातूनच कळते. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने घेतली. कंपनीने परत घेतलेल्या कागदांवर रद्द केल्याचा शिक्का किंवा भोके दिसतात. ती लपवू नयेत. कागद खरोखर व्यवहारात होता याची ती खूण असते.

जुन्या शाईला उन्हाचा त्रास होतो, म्हणून असे कागद अंधाऱ्या, कोरड्या जागी सपाट ठेवतात. घड्यांवर चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये.