रोज सत्तर लिटर

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली. कारखान्यात पोहोचेपर्यंत पेंट शॉपचा हॉट वॉटर जनरेटर सुरू झालेला होता. युरोपात अशा यंत्रणा इमारती उबदार ठेवतात. आमच्याकडे हे ऊन पाणी गाड्यांचे पत्रे धुण्याच्या आणि फॉस्फेटिंगच्या टाक्या तापवतं.

या कंपनीत मी नवा, म्हणून आधी लॉगबुक वाचलं. बंद लाइनीतलं प्रेशर सांभाळणाऱ्या प्रेशरायझेशन युनिटच्या रकान्यात १.८, १.८, १.८. पहाटे थंड लाइन, दुपारी ऐंशी अंशांची, आकडा तोच. बंद लाइनीतलं पाणी तापलं की प्रेशर चढणारच. हे आकडे गेज बघून लिहिलेले नाहीत.

स्वतः गेजपाशी उभा राहिलो. साडेनऊला सुई ४ किलोवर, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडण्याचा आकडाही तोच. त्याच्या डिस्चार्ज पाइपाला हात लावला तर चटका बसला. पाइप थेट झाकलेल्या गटारात सोडलाय, त्यामुळे पाणी जाताना कुणाला दिसत नाही. नवं पाणी आत भरणाऱ्या मेकअप लाइनवरच्या मीटरची काच पुसली आणि संध्याकाळचा आकडा वहीत उतरवला.

बुधवार, ३ डिसेंबर

रात्रीत ७२ लिटर पाणी आत गेलं.

लाइनीत एकूण सुमारे तीन हजार लिटर पाणी. पंचवीस अंशांवरून ऐंशीपर्यंत तापताना ते साधारण अडीच टक्के फुगतं, म्हणजे पंचाहत्तर लिटर. हिशेब इतका जुळल्यावर लीकेज शोधत पाइपांखाली रांगायची गरज उरत नाही. फुगलेलं पाणी सामावून घेणारं एक्स्पान्शन व्हेसलच कामातून गेलंय. सकाळी जास्तीचं पाणी सेफ्टीतून बाहेर पडतं, रात्री बर्नर बंद झाल्यावर लाइन थंड होते, प्रेशर पडतं आणि पंप तेवढंच नवं पाणी भरतो.

ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, पंप तर एकदम ओके आहे." ओके आहे हीच अडचण. पंप जरा कुरकुरला असता तर कुणीतरी आधीच बघितलं असतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, त्यात दत्तजयंती. काकांचा उपवास, तरी आले.

व्हेसलचा व्हॉल्व्ह बंद करून ड्रेन उघडला. पाणी संपता संपेना. आयटीआयचा अप्रेंटिस म्हणाला, "सर, पाणी कशाला काढायचं? गेज लावून बघू की." पाणी न काढता गेज लावला तर गॅसच्या बाजूलाही लाइनीचंच प्रेशर दिसतं आणि माणूस समाधानाने घरी जातो. बहुतेकांची तपासणी अशीच होते.

ड्रेन झाल्यावर टायरचा गेज लावला. शून्य. पिन दाबली, पाणी आलं नाही. म्हणजे ब्लॅडर शाबूत. नायट्रोजन थोडा सोडून साबणाचं पाणी लावलं तर पिनेपाशी बुडबुडे. चारचाकीच्या ट्यूबला असते तसली पिन, किरकोळ किमतीची. ती बदलली.

नायट्रोजन किती भरायचा? गेजपासून सर्वांत वरचा पाइप १४ मीटर. दहा मीटरला एक किलो या हिशेबाने १.४. वरच्या टोकाला लाइनीत हवा शिरू नये म्हणून ०.४ जास्त, म्हणजे थंड लाइन १.८. व्हेसलमध्ये त्याहून थोडं कमी, १.६.

मग बाकीचं: ब्रेक टँकचा फ्लोट नीट बसतोय, ओव्हरफ्लो कोरडा. दोन्ही पंप आलटून पालटून चालवले. मुद्दाम प्रेशर पाडलं, अलार्म वाजला आणि बर्नरचं इंटरलॉक सुटलं.

स्ट्रेनर उघडला आणि काळा चिखल निघाला. अप्रेंटिसच्या हातात चुंबक दिलं, चिखल त्याला चिकटला. ते आमच्याच पाइपांचं लोखंड. काकांना वाटत होतं, सॉफ्टनरचं पाणी आहे म्हणजे काळजी नाही. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा काढतो; पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तसाच आत जातो आणि रोजच्या सत्तर लिटरांसोबत थोडं थोडं लोखंड खातो.

शुक्रवार, ५ डिसेंबर

थंड १.८, ऐंशी अंशांवर २.९. डिस्चार्ज पाइप कोमट. रोज उघडून उघडून सेफ्टीची सीट खराब झालीय, थेंब पडतोच. नव्या व्हॉल्व्हची मागणी लिहिली. पाइप गटाराच्या वर कापून खाली उघडं फनेल लावायला सांगितलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

शुक्रवारपासून मेकअप ३ लिटर.

व्यवस्थापकांनी विचारलं, बॉयलर इन्स्पेक्टरांच्या हे कसं लक्षात आलं नाही? ते इथे येतच नाहीत. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, पण शंभर अंशांखाली पाणी तापवणारं भांडं त्याच्या व्याख्येत बसत नाही. आमचं पाणी ऐंशीचं. मला तर ही मोकळीक महागातली वाटते.

लॉगबुकात आता तीन रकाने: थंड, गरम, मीटर. काका कुरकुरले, एक लिहायला वेळ नाही, तीन कोण लिहिणार? पण मीटरची काच त्यांनीच पुसून ठेवली होती.

चिल्ड वॉटरच्या प्रेशरायझेशन युनिटची तपासणी परवाच्या गुरुवारी. तिथे मेकअप लाइनवर मीटरच नाही. अर्धा इंची मीटरची मागणी आज स्टोअरला दिली.